विश्लेषण : जुन्या ट्रकचा गिअर अडला, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो का?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाला की मिरज, तासगाव परिसरातले जुने ट्रक कारखान्यांच्या वाटेला लागतात. उसाने भरलेली गाडी मऊ रानातून बाहेर काढताना पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर जोर लावला जातो. अशातच एखाद्या दिवशी गिअर पडेनासा होतो किंवा पडलेला गिअर उडतो. मग ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. गिअरबॉक्स उतरवला की ट्रक काही दिवस उभा, फेऱ्या बुडाल्या आणि हप्ता मात्र सुरूच. कित्येकदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो आणि तो ओळखायला पानाही लावावा लागत नाही.

दोष क्लचचा की गिअरचा?

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करायची. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, पण चालू केल्यावर अडतात, रिव्हर्स टाकताना खरखर होते, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा फ्री प्ले, क्लचच्या सिलिंडरची गळती, पाइपमध्ये शिरलेली हवा, बूस्टर हे आधी पाहावे. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे रॉड आणि बुश तपासायचे. झिजलेला बुश बदलणे हे किरकोळ काम आहे. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घेणारा मेकॅनिक बदललेलाच बरा.

चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, हे क्लच प्लेट घसरत असल्याचे लक्षण. खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. इंजिन दबून बंद पडले तर क्लच पकडतो आहे. चालूच राहिले तर प्लेट संपली आहे. ही परीक्षा एकदाच करावी. पुन:पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

आवाज काय सांगतो?

गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. अशा वेळी येणारा घरघर आवाज क्लच दाबताच थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे किंवा ले शाफ्टचे बेअरिंग खराब आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. एकाच गिअरमध्ये आवाज येतो तेव्हा त्या गिअरची जोडी झिजलेली असते. गाडी धावताना न्यूट्रल केल्यावरही आवाज तसाच राहिला आणि वेगाप्रमाणे कमी-जास्त होत असला, तर बहुधा गिअरबॉक्स निर्दोष असतो. अशा वेळी जॉइंट क्रॉस, हाउसिंग आणि चाकांची बेअरिंग पाहावीत.

गिअर उडणे मात्र हलक्यात घेऊ नये. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटात भरलेल्या ट्रकचा वेग इंजिनच्या ओढीनेही आवरला जातो. तिथे गिअर उडाला तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे चालक हाच धोका आपण होऊन ओढवून घेतात. एकच गिअर उडत असेल तर त्याचे दात, सिलेक्टर फोर्क किंवा स्प्रिंग झिजलेली असते. सगळेच उडत असतील तर आधी माउंटिंग आणि लिंकेज पाहावे.

ऑइल काढून पाहा

गिअरबॉक्स उघडण्याआधी त्याचे ऑइल काढून उजेडात पाहण्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा लेप असणे ही रोजची झीज. लोखंडाचे तुकडे निघाले तर दात तुटले आहेत. पितळी कण दिसले तर सिंक्रो रिंग झिजली आहे.

ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. सांगली-मिरजेत हे विसरून चालत नाही. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रीदरमधून पाणी गिअरबॉक्समध्ये आणि हाउसिंगमध्ये उतरते. गाडी सुरू होते, चालतेही, पण गंजलेली बेअरिंग पुढे कधीतरी आवाज करू लागतात. जुना ट्रक विकत घेताना पुराची चौकशी करावी ती यासाठी.

उतरवलाच तर काय करावे?

गिअरबॉक्स खाली आलाच असेल तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र तपासून घ्यावे, फ्लायव्हीलवर चरे असल्यास लेथवर साफ करावे, ऑइल सील नवे घालावे. मजुरी एकदाच लागते. झिजलेला गिअर शक्यतो जोडीने बदलावा. जुन्या दातांवर नवा दात फार दिवस टिकत नाही. भंगारातला गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण मॉडेल आणि गिअर रेशो जुळतो का, हे आधी पाहावे. बदललेले जुने भाग मागून घ्यायला संकोच नको.

ऑटोमॅटिक ट्रकचे काय?

आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत ऑटोमॅटिक गिअर जवळजवळ नसतात. अलीकडच्या काही गाड्यांत येणारी एएमटी म्हणजे तोच क्लच आणि तेच गिअर. फक्त ते संगणकाच्या हुकमाने हलतात. त्यामुळे एएमटी अडली तर बॅटरीचा व्होल्टेज, हवेचा दाब आणि स्कॅनरवरचा कोड आधी पाहावा. नवी क्लच प्लेट घातल्यावर ती संगणकाला ‘शिकवावी’ लागते. ते राहिले तर नव्या प्लेटनेही गाडी झटके देते.

टॉर्क कन्व्हर्टरचे खरे ऑटोमॅटिक मोठे डंपर, अग्निशमन गाड्या आणि शहरी बसमध्ये आढळते. त्याचे ऑइल वेगळे असते. ते काळे पडून जळका वास येत असेल तर आतल्या प्लेट जळल्या आहेत. त्यात साधे गिअर ऑइल कधीही ओतू नये.

बंद पडलेली गाडी ओढून नेतानाही एक काळजी घ्यावी. इंजिन बंद असल्याने साध्या गिअरबॉक्सचा ले शाफ्ट फिरत नाही आणि ऑटोमॅटिकचा पंपही चालत नाही. चाके मात्र मागचा शाफ्ट फिरवत राहतात आणि तो कोरडा घासतो. लांब न्यायचे असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडून, बांधून ठेवावा आणि मगच गाडीला टोचन लावावे.