बी जीवनसत्त्व कुणाला, कशासाठी? (लेखांक ६)

मागच्या लेखात आपण एचआयव्ही मेंदूत कसा शिरतो ते पाहिलं. त्यानंतरचा साहजिक प्रश्न असा, की विसरायला होतंय, सुचत नाही, म्हणून बी कॉम्प्लेक्स घेतलं तर मेंदू वाचेल का?

या आशेला मोठा आधार मिळाला तो टांझानियातून. दार-ए-सलाममध्ये १९९५ पासून १,०७८ एचआयव्हीबाधित गर्भवतींवर चाचणी झाली. त्यात बी, सी आणि ई ही जीवनसत्त्वं घेतलेल्या बायकांचा आजार सावकाश वाढला. २७१ पैकी ६७ जणी एड्सच्या अखेरच्या टप्प्यात गेल्या किंवा दगावल्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २६७ पैकी ८३. मात्र या बायकांना तेव्हा एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधं, मिळत नव्हती. पुढे त्याच देशात एआरटी घेणाऱ्यांना जीवनसत्त्वांची नेहमीच्या मात्रेऐवजी भारी मात्रा देऊन पाहिली. जास्तीचा फायदा दिसला नाही, यकृतावर ताण आल्याची चिन्हं मात्र वाढली आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

माझं मत स्पष्ट आहे. मेंदूची राखण करते ती न चुकता घेतलेली एआरटी. बी जीवनसत्त्व हवं ते कमतरता असेल तिथे, आणि तिथे ते हवंच.

बी-१२ चंच उदाहरण घ्या. ते कमी पडलं की तळपायाला मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. डॉक्टर कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्याला लावतात आणि पेशंटला काहीच जाणवत नाही. विषाणूमुळे मज्जारज्जूला होणारी इजाही अगदी अशीच दिसते, म्हणून रक्ततपासणीवाचून अंदाज बांधू नये. लवकर सापडलं तर इंजेक्शनांनी बरंचसं भरून येतं. उशीर झाला तर पाय पूर्ववत होतीलच असं नाही. शाकाहारी माणसं आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांनी अधिक जपावं. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं, पण नसांची झीज आतून चालूच राहते.

टीबी टाळण्यासाठी आयसोनियाझिड सुरू असेल तर सोबतची बी-६ ची गोळी सोडू नका. हे औषध शरीरातलं बी-६ निकामी करतं आणि हातापायांची आग होते. मात्र मनाने मात्रा वाढवूही नका, कारण खूप बी-६ नेही नसा बिघडतात.

आणखी एक गोष्ट केमिस्टकडे क्वचितच कुणी सांगतं. बी कॉम्प्लेक्सच्या कित्येक कॅप्सूलमध्ये जस्त असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि कॅल्शियमही. टीएलडी या एआरटीच्या गोळीतलं डोल्युटेग्रॅविर हे औषध पोटात या खनिजांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. त्यामुळे अशी कॅप्सूल टीएलडीनंतर किमान दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी घ्यावी. घरातली सगळी पाकिटं आणि टॉनिकची बाटली पिशवीत घालून पुढच्या तारखेला एआरटी सेंटरवर न्या, डॉक्टर किंवा समुपदेशक वेळा लिहून देतील.