पायांचं ओझं हातांवर

पुणे जिल्ह्यातल्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या बाजूला, सपाट जमीन फारशी नाही. उतारावर पडकई करून, म्हणजे उतार फोडून बांध घालून, भातखाचरं काढलेली. घरापासून रस्त्यापर्यंत यायचं तरी बांध, ओहोळ आणि दगडांचा चढ. लहानपणी पोलिओने पाय लुळा झालेला माणूस अशा वाटेने कुबड्या टेकत चालतो, तेव्हा त्याचा भार मनगट, तळहात आणि काख पेलत असतात. पोलिओचा विषय आपण पायांपाशी संपवतो. हातांकडे बघायचं राहूनच जातं.

१९९५ साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे यश मोठंच आहे. पण त्याआधी ज्यांना पोलिओने गाठलं, त्यातली बरीच माणसं आज चाळिशी-साठीत आहेत आणि त्यांच्या तक्रारी आता नव्याने सुरू होत आहेत.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. वाचलेल्या पेशी नवे धुमारे फोडून पोरक्या स्नायुतंतूंना आपल्याकडे घेतात. गेलेली ताकद थोडीफार परत येते ती यामुळे. मात्र ही जादा जबाबदारी वर्षानुवर्षं वाहून त्या थकतात, धुमारे सुकतात आणि १५ ते ४० वर्षांनी काहींना पुन्हा अशक्तपणा येतो. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात.

पण हाताला मुंग्या येत असतील, तर ती गोष्ट वेगळी. पोलिओ स्पर्शज्ञान घालवत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर बहुधा मनगटात नस दबलेली असते. करंगळीकडची बोटं बधिर होत असतील, तर दुसरी नस, कोपरापाशी किंवा तळहाताच्या कडेला. कुबडीवर काखेचा भार टाकणाऱ्याची तिसरीच नस दबते आणि मनगट लुळं पडून खाली लोंबतं.

मज्जारज्जूच्या दुखण्यात बाहेरच्या नसाही तपासाव्या लागतात, हा धडा इतरत्रही मिळाला आहे. एचटीएलव्ही-१ हा विषाणू नैर्ऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांवर जास्त आढळतो. त्याच्यामुळे मज्जारज्जूला इजा होऊन काही जणांचे पाय हळूहळू ताठर आणि दुबळे होतात. हा संबंध १९८५-८६ च्या सुमारास उलगडला. पुढे यातल्या काही रुग्णांच्या हातापायांच्या नसाही बिघडलेल्या आढळल्या.

म्हणून ‘जुना पोलिओच आहे, आता काय व्हायचं’ असं म्हणून कुणाला परत पाठवू नये. मधुमेह, बी-१२ ची कमतरता आणि कुष्ठरोग यांनीही बधिरपणा येतो आणि तिन्हींवर उपचार आहेत. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून सुरुवात करता येते. नसेतून विद्युत संदेश कसा जातो याची तपासणी लागली, तर पुण्याला जावं. मनगटातली नस दबली असेल, तर रात्री मनगट सरळ धरणारी आधारपट्टी बांधल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया ठरलीच, तर आधी विचार करावा, कारण ज्याचे हात हेच पाय आहेत, त्याला पुढचे काही आठवडे त्या हातावर भार देता येत नाही. तेवढे दिवस घरात त्याचं कोण करणार, हे आधी ठरवावं लागतं.

सगळ्यात स्वस्त उपाय कुबडीच्या मापात आहे. माणूस चप्पल घालून उभा राहिला की कुबडीचं वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली यावं, मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं आणि भार काखेवर नाही, तळहातावर पडावा. मुठीला जाड, मऊ गुंडाळी करावी. खालचं रबर झिजलं की बदलावं. शिबिरात कुबड्या वाटताना एवढं माप घेतलं आणि आशाताईंनी घरी गेल्यावर ‘दादा, बोटं बधिर होतात का?’ असं विचारलं, तर पोलिओने पाय नेलेल्या माणसाचे हात तरी शाबूत राहतील.