मनात भरलं की मन भरलं?

मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की म्हसा गाव येतं. पौष पौर्णिमेला इथे खांबलिंगेश्वराची, म्हणजेच म्हसोबाची, मोठी जत्रा भरते. पाळणे, मिठाई तर आलीच. पण म्हशाची खरी ख्याती गुरांच्या बाजाराची. शेतकरी बैलाचे दात बघतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलं चालवून पाहतो. मग म्हणतो, "बैल मनात भरला!" झालं, सौदा पुढे सरकला. पण तोच म्हणाला, "आता मन भरलं," तर? तर समजा, गडी फिरून फिरून तृप्त झाला आणि घरी निघाला. मनाला नुसतं 'आत' जोडलं आणि केवढा फरक पडला!

संस्कृतात 'मन्' म्हणजे विचार करणे. पण आपलं मराठी मन नुसता विचार करून गप्प बसतं थोडंच? ते रमतं, विटतं, मोडतं. आईच्या नकळत लाडू पळवलात, तर लाडू तुम्ही खाता आणि मन तुम्हाला खातं! समर्थ रामदासांनी तर 205 श्लोक थेट मनालाच उद्देशून रचले. जणू समोर बसलेलं हट्टी पोरच!

आता एक गंमत. म्हशाच्या बाजूला बोलताना पुष्कळदा 'ण'चा 'न' होतो. पाणी होतं 'पानी', आणि भाताचा मण होतो 'मन'. हा मण म्हणजे जुनं वजन. सरकारी मण 40 शेरांचा, आजच्या हिशेबात 37 किलोंहून थोडा जास्त. 1956च्या कायद्याने किलो आला. पण आजोबांच्या तोंडून मण काही गेला नाही.

अशी बोली बोलणारा मुलगा शहरातल्या शाळेत गेला, की 'पानी' ऐकून कुणीतरी फिदीफिदी हसतं. हसणाऱ्याला ठाऊक नसतं, की मूळ संस्कृत शब्द 'पानीय', त्यात 'न'च आहे! तरी हसू बोचतंच. त्या मुलाने वर्गात बोलणंच सोडलं, तर त्याने ते मनाला लावून घेतलं. वहीत 'पाणी' नीट लिहायला शिकला आणि घरी आजीकडे खुशाल 'पानी' मागत राहिला, तर त्याने मनावर घेतलं. दोन्हीकडे 'घेणं'च, पण एकात जखम आहे, दुसऱ्यात जिद्द.

मग मन धरणं आणि मन राखणं, यांत काय फरक? दोघांची एकेक वाक्यं करून बघा. आणि हो, आजोबांना विचारा, तुमच्याकडे भात मणावर मोजायचे की पायलीवर?