रक्तदाबाचा घाव सूक्ष्म धमन्यांवर

नाशिक : गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात आला, की औषध आपणहून बंद करणारे अनेक रुग्ण असतात. काहीच त्रास नसताना गोळी कशाला, हा त्यामागचा विचार. मात्र, उच्च रक्तदाबामुळे सूक्ष्म धमन्यांत होणारे बदल दीर्घकाळ जाणवतच नाहीत.

हृदयातून निघालेल्या महाधमनीला फाटे फुटत अखेरीस अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक धमन्या तयार होतात. कोणत्या अवयवाला किती रक्त मिळावे, हे त्यांच्या भिंतीतील स्नायू ठरवितात. दाब सतत चढा राहिला, की ताण पेलण्यासाठी ही भिंत जाड होते आणि आतील पोकळी अरुंद होते. नळीची त्रिज्या केवळ १० टक्क्यांनी घटली, तरी त्याच दाबाखालील प्रवाह सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो. अडथळा वाढल्याने रक्तदाब आणखी चढतो आणि दुष्टचक्र सुरू होते.

हृदयावर याचा दुहेरी भार पडतो. अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलून डाव्या कप्प्याचा स्नायू जाड होतो. त्याला अधिक प्राणवायू लागतो. पण हृदयाला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म धमन्याही अरुंद झालेल्या असतात. त्यामुळे मोठ्या धमन्यांत अडथळा नसतानाही छातीत दुखू शकते. अँजिओग्राफीत प्रामुख्याने मोठ्या धमन्याच दिसतात. पुढे ताठरलेले हृदय नीट सैलावत नाही आणि चालताना दम लागतो. मूत्रपिंड, मेंदू व डोळ्यांचा पडदा यांनाही अशीच इजा होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१.३ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी औषध सुरू होते.

नाशिकमध्ये शालिमार येथील संदर्भ सेवा रुग्णालयात हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार होतात. मात्र, तेथवर जाण्याची वेळ येऊ नये यासाठीची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. तिशीनंतर ती नियमित करावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रातील प्रथिने व डोळ्यांचा पडदा तपासल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांची अवस्था कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरेसे आहे. मिसळीसोबतचा पापड, चिवडा व लोणचे यांतील मीठही त्यात धरावे लागते.

दिलाशाची बाब म्हणजे, नियमित उपचारांनी हृदयाच्या स्नायूची जाडी कमी होऊ शकते आणि काही औषधांनी सूक्ष्म धमन्यांची रचनाही सुधारते. मात्र, त्यासाठी महिने, कधी वर्षेही लागतात. त्यामुळे रक्तदाब मापनाचा आकडा सुधारला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये.