फुकटच्या रणांगणाचे मोल

इंदूर शहरात राजवाड्याकडून विमानतळाच्या रस्त्यास लागले की वाटेत बडा गणपती हा चौक लागतो. तेथील देवळात सुमारे २५ फूट उंचीची गणेशमूर्ती आहे. तिच्यावरूनच चौकास व भोवतालच्या वस्तीस हे नाव पडले. होळकरांच्या काळापासून अनेक मराठी कुटुंबे या शहरात नांदत आली आहेत. अशाच एका स्नेह्यांच्या घरी गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोन दिवस उतरलो होतो.

संध्याकाळची वेळ होती. घरातील दोघे चुलतभाऊ, एक सोळा वर्षांचा व दुसरा तेरा वर्षांचा, ओसरीवर पाठीला पाठ लावून बसले होते. दोघांच्या हाती फोन, दोघांच्या कानांत यंत्रे. थोरला मध्येच ओरडे, “उजवीकडे शत्रू आहे, मला झाक!” धाकटाही तसेच काही ओरडे. आम्हांस वाटले, भाऊ भाऊ मिळून लढत आहेत. चौकशी करता कळले की तसे मुळीच नाही. थोरला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळत होता, धाकटा ‘फ्री फायर मॅक्स’.

“मग एकत्र का खेळत नाही?” आम्ही विचारले.

“काका, हे दोन वेगळे गेम आहेत. ह्यातून त्यात जाता येत नाही,” थोरल्याने समजावले.

एका ओसरीवर, एका चटईवर बसलेले दोन भाऊ, आणि दोघांची रणांगणे निरनिराळी! ही भिंत कोणी घातली, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

वाचकहो, या दोन्ही खेळांचा सांगाडा एकच आहे. विमानातून एका ओसाड बेटावर उडी मारावयाची, सापडतील ती शस्त्रे गोळा करावयाची, आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात अखेरपर्यंत जगावयाचे. जो उरेल तो जिंकला. २०१७ साली दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने हा प्रकार ‘पब्जी’ या नावाने लोकप्रिय केला. त्याचा रचनाकार ब्रेंडन ग्रीन हा आयर्लंडचा. त्याच वर्षी अमेरिकेच्या एपिक कंपनीने आपल्या ‘फोर्टनाइट’मध्ये तसाच डाव आणला, आणि सिंगापूरच्या गरेना कंपनीने ‘फ्री फायर’ काढला. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा जुना युद्धखेळ फोनवर उतरला, त्यातही हा डाव होताच. आपल्या पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनेही २०२४ साली ‘इंडस’ नावाचा असाच खेळ बाजारात आणला.

एकासारखे दुसरे निघाले, तेव्हा भांडणे न्यायालयात गेली. पब्जीवाल्यांनी २०१८ साली फोर्टनाइटवाल्यांवर कोरियात दावा लावला व त्याच वर्षी मागे घेतला. चीनच्या नेटईज कंपनीवर अमेरिकेत लावलेला दावा तडजोडीने मिटला. २०२२ च्या जानेवारीत क्राफ्टनने, म्हणजे पब्जीच्याच मालकांनी, गरेनालाही अमेरिकेतील न्यायालयात खेचले. अशा दाव्यांत मुख्य अडचण ही की चित्रे, संगीत, नाव यांवर मालकी सांगता येते. खेळाच्या नुसत्या कल्पनेवर सांगता येत नाही. लंगडी किंवा आट्यापाट्या यांचा मालक कोण, असे विचारण्यासारखेच ते आहे.

आता मुख्य मुद्दा. बाजारात दोन दुकाने एकच माल विकू लागली की भाव उतरतो, आणि गिऱ्हाइकाचे भले होते. येथे तर भाव मुळातच शून्य आहे. खेळ फुकट मिळतो. फुकटाहून स्वस्त काय देणार? म्हणून चढाओढ पैशावरून सरकते आणि मुलांच्या तासांवर येऊन बसते. आज हजेरी लावलीस तर हे बक्षीस, उद्या आलास तर ते. अमुक आठवड्यांचा ‘सीझन’, तो संपण्यापूर्वी न खेळलास तर मिळणारी वस्तू गेली. रंगीत पोशाख आणि बंदुकीवरची नक्षी पैसे देऊन घ्यावयाची; कंपनीची मिळकत तेथे. जो मुलगा रोज येतो तोच कधीतरी विकत घेतो. त्यामुळे जे दुकान आधी दार लावील त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि म्हणून कोणीच आपण होऊन दार लावीत नाही.

युद्धाचा खेळ ही काही नवी गोष्ट नव्हे. इंदूर जिल्ह्यातच गौतमपुरा येथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटयुद्ध होते. हिंगोटाची फळे पोखरून त्यांत दारू भरतात, आणि तुर्रा व कलंगी असे दोन पक्ष ती पेटती फळे एकमेकांवर फेकतात. माणसे भाजतात, जखमी होतात. आम्ही त्याची भलावण करीत नाही. परंतु ते युद्ध वर्षातून एकदा होते आणि संपते. फोनमधील युद्धात रक्त सांडत नाही, पण ते संपतही नाही.

सरकारनेही हात घालून पाहिला. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पब्जी मोबाइल’सह ११८ ॲपांवर बंदी आली. २०२१ च्या जुलैत तोच खेळ नव्या नावाने परतला. २०२२ मध्ये तोही दुकानांतून उतरवला गेला, आणि २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आला, तो अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा घेऊन. ‘फ्री फायर’वर २०२२ च्या फेब्रुवारीत बंदी आली, पण त्याचे ‘मॅक्स’ हे भावंड राहिले. एक दार बंद झाले की मुले शेजारच्या दारात जातात, हाच धडा यातून मिळतो. आणि तीन तास म्हणजे शाळकरी मुलाची सारी संध्याकाळच!

रात्री जेवताना आम्ही थोरल्याला विचारले, “तुझाच खेळ अधिक चांगला, असे तुला वाटते काय?”

तो थोडा थांबून म्हणाला, “तसे नाही काका. माझे तिघे त्यावर आहेत. मी सोडला तर ते चौथा शोधतील.”

सारे मर्म या उत्तरात आहे. चौघांची एक तुकडी असते. मुलगा खेळाला धरून नसतो, सोबत्यांना धरून असतो. आई जेवायला हाक मारते तेव्हा तो उठत नाही, कारण डाव अर्धा टाकला तर तिघे उघडे पडतात. त्याच्या दृष्टीने तो विश्वासघात असतो. म्हणून आईबापांनी “पाच मिनिटांत उठ” असे म्हणण्यापेक्षा डाव सुरू होण्यापूर्वीच “हा शेवटचा” असे ठरवून घ्यावे. थोरल्याच्या खेळाचा डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो, धाकट्याचा दहाएक मिनिटांत आटोपतो. हे ठाऊक असले की तंटा निम्मा मिटतो. मुलांच्या हाती असणाऱ्या फोनात बँकेचे कार्ड नोंदवून ठेवू नये, आणि खरेदीसाठी येणारा गुप्त अंक मुलाला सांगू नये. मुख्य म्हणजे, मुलाचे ते तिघे कोण, हे घरात ठाऊक असावे.

आमच्या यजमानांनी तेथेच मुलाला विचारले, “तुझे तिघे राहतात कोठे?” एक भोपाळचा निघाला. उरलेले दोघे याच वस्तीत, चार गल्ल्या पलीकडे राहणारे! वर्षभर ते रोज रात्री एकमेकांचा जीव वाचवीत होते, पण कोणी कोणाच्या घरी गेला नव्हता. “रविवारी त्यांना पोह्यांना बोलाव,” यजमान म्हणाले. वहिनींनी जिलेबीही कबूल केली.

आम्ही शनिवारीच निघालो. पुढची हकीकत यजमानांनी फोनवर सांगितली. ते दोघे आले, पोहे-जिलेबी खाल्ली, आणि मग तासभर फोनवरच खेळले. आम्ही किंचित निराश झालो. तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, ऐका तर. भोपाळचा त्या दिवशी नव्हता. चौथा म्हणून त्यांनी धाकट्याला घेतले, त्याच्या आईच्या फोनवर. पहिल्याच डावात तो मारला गेला, आणि चौघेही पोट धरून हसले. नंतर कोणीतरी बॅट काढली.”

कंपन्यांची चढाओढ आपण थांबवू शकत नाही. पण मुलाला सोबती हवा आहे, हे त्यांनी ओळखले. ते आपणही ओळखावे. आपल्या ओसरीवर आज कोण पाठीला पाठ लावून बसले आहे, ते जरा पाहावे, आणि एका रविवारी पोहे थोडे जास्त करावेत.