दुबईहून मालवणला फोन, तोही खिसा न कापता

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस दुबईला गेलो होतो. हॉटेलात पोचल्या पोचल्या वायफाय जोडलं आणि आईला व्हॉट्सॲप कॉल लावला. मेसेज जात होते, फोटो जात होते, पण कॉल काही लागेना. मी इंजिनिअर, त्यामुळे आधी राउटरला शिव्या घातल्या, मग फोन रिस्टार्ट केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला कुडाळचा एक सहकारी हसत म्हणाला, "अरे, हयसर तो कॉल चलनाच नाय!"

तोपर्यंत मी वैतागून भारतातल्या सिमवरून थेट फोन लावून मोकळा झालो होतो. रोमिंग पॅक घेतला नव्हता. "काय रे, जेवलस मा?" इथून सुरू झालेलं बोलणं बांगड्याच्या भावापर्यंत गेलं, आणि बिल आलं तेव्हा तेवढ्या पैशात दोन टोपल्या बांगडे आले असते.

हे पैसे नेमके कुठे जातात ते आधी समजून घ्या. आपलं सिम परदेशात तिथल्या कंपनीच्या टॉवरवर पाहुणं म्हणून राहतं. आपण फोन केला की तिथली कंपनी आपल्या कंपनीकडून भाडं घेते आणि आपली कंपनी ते आपल्याकडून वसूल करते. गंमत इनकमिंगची आहे. आई मालवणहून तुमचा नेहमीचा नंबर फिरवते, तिच्यासाठी तो देशातलाच कॉल असतो. भारतातून दुबईपर्यंतच्या पुढच्या प्रवासाचे पैसे मात्र तुमच्या खात्यातून जातात. म्हणून रोमिंगमध्ये फोन नुसता उचलला तरी पैसे लागतात. पॅक नसेल तर कट करा आणि दुसऱ्या मार्गाने उलट फोन करा.

इंटरनेट कॉलचं गणित वेगळं आहे. तिथे आवाजाचे छोटे तुकडे होऊन डेटा म्हणून जातात, अंतराला किंमत नसते. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, म्हणजे एका जीबीत कित्येक तास बोलता येतं. व्हिडिओला याच्या अनेक पट. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' खाली कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. युरोप, अमेरिका, सिंगापूरला जाणार असाल तर ई-सिम किंवा तिथलं डेटा सिम घेतलं की प्रश्न बहुतेक मिटला. नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सॲप 'नंबर बदलायचा का' असं विचारतं, तिथे 'नाही' म्हणा. जुन्याच नंबरवर ते चालत राहतं.

पण आपल्याकडची अर्धी पोरं आखातात जातात, आणि तिथे हे गणित मोडतं. सौदीने २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली, अमिरातीत मात्र फक्त परवानगी असलेलीच ॲप्स चालतात. बोटिम त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. झूम आणि मायक्रोसॉफ्ट टीम्सही चालतात. यादी बदलत असते, म्हणून निघण्याआधी तिथल्या टीडीआरए या नियामक संस्थेच्या साइटवर बघून घ्या. आणि जे ॲप चालतं ते आईच्या फोनवर तुम्ही घरी असतानाच टाका, एकदा पडवीतून परसात कॉल करून दाखवा. दुबईत बसून मेसेजवरून तिला ॲप टाकायला शिकवणं हा उद्योग मी केलाय. तुम्ही करू नका.

"व्हीपीएन टाक, सगळं चालतं," असं सांगणारे भेटतील. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएनने आयपी पत्ता बदलला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आणि तुरुंगवास आहे. कामाचा व्हिसा असलेल्या पोराने तर या भानगडीत पडूच नये.

आता माझी खरी अडचण. बाबा मासेमारीला जातात, त्यांच्याकडे बटणाचा फोन. आईकडे स्मार्टफोन आहे, पण नेट विहिरीपाशी गेल्यावरच मिळतं, आणि पावसात लाइट गेली की तेही नाही. इंटरनेट कॉलला दोन्ही टोकांना नेट लागतं, हे आपण पुण्या-मुंबईत राहून विसरतो. अशा घराला साधी रिंगच वाजली पाहिजे.

त्याला दोन उपाय. पहिला, तिथल्या सिमवर भारताचा कॉलिंग पॅक. बाहेरचा कॉल आपल्याकडे पोचवण्यासाठी भारतीय कंपनी परदेशी कंपनीकडून जे घेते ते १ मे २०२० पासून ट्रायने मिनिटाला ३५ ते ६५ पैशांच्या पट्ट्यात ठेवलंय. म्हणजे त्यावरचे सगळे पैसे तिकडच्या आणि मधल्या कंपन्यांचे. म्हणूनच दोन-तीन कंपन्यांचे पॅक ताडून बघितले की दरात बराच फरक दिसतो. (पूर्वी या कामाला स्काइप होतं, ते ५ मे २०२५ ला बंद झालं.)

दुसरा उपाय वायफाय कॉलिंग. यात तुमचा फोन हॉटेलच्या वायफायवरून थेट भारतातल्या तुमच्या कंपनीशी जोडला जातो आणि समोर साधा कॉल वाजतो. काही कंपन्या हे परदेशातून देतात, काही नाही, आणि दरही सारखे नाहीत. निघण्याआधी कस्टमर केअरला विचारा: कोणत्या देशात चालेल, मिनिटाला किती? वापरताना एअरप्लेन मोड चालू करून मगच वायफाय लावा, म्हणजे फोन चुकून तिथल्या टॉवरवर जाणार नाही.

भारतातलं सिम फेकू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. त्याचं डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवा.

परदेशी नंबर दिसला की आई आता उचलत नाही, फसवणुकीच्या बातम्या ऐकून ऐकून. त्यात तिचं चुकत नाही. म्हणून पोचल्यावर तिथला नंबर आधी मेसेजने कळवा आणि शेजारच्या कोणाला तरी तो तिच्या फोनमध्ये नावाने सेव्ह करायला सांगा. अमिरातीचा नंबर +९७१ ने सुरू होतो, ओमानचा +९६८ ने.

घरी अजून लँडलाइन असेल तर कोडमधला शून्य गाळायचा. मालवणचा ०२३६५ आहे, म्हणजे बाहेरून +९१ २३६५ आणि पुढे घरचा नंबर. लहानपणी आमच्याकडे शेजाऱ्यांचा पीपी नंबर होता, मस्कतहून काकांचा फोन आला की आम्ही पोरं धावत सुटायचो. तो नंबर मला अजून पाठ आहे. दुबईत लाइट गेलेल्या एका रात्री त्यावरच फोन लावला, आणि पाच मिनिटांनी आई धापा टाकत बोलायला आली.