हिरव्या पडद्यापुढे हिरवा चुडा

हिरवा शालू नेसलेली, हातभर चुडा घातलेली नवरी स्टुडिओतल्या हिरव्या पडद्यापुढे उभी राहते. पडदा पुसून मागे देवळाचं चित्र बसवलं, की पडद्याबरोबर शालूही जातो. चेहरा, हात, दागिने आणि जरीचे काठ तेवढे अधांतरी उरतात, मनगटावर भगदाड पडतं.

याचं कारण असं, की 'क्रोमा की' तंत्राला माणूस आणि कापड यांतला भेद ठाऊकच नसतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे आकडे असतात. हिरव्याचा आकडा बाकी दोन्हींपेक्षा किती मोठा, एवढंच ते तपासतं. फरक मोठा असेल तर पिक्सेल पारदर्शक होतो, नसेल तर राहतो. त्वचा गोरी असो वा सावळी, तिच्यात लाल अंश सर्वांत जास्त असतो, म्हणून चेहरा वाचतो. फरक मोजण्याची ही युक्ती पेट्रो व्लाहोस यांची. 'बेन-हर' (१९५९) या चित्रपटासाठी त्यांनी ती निळ्या पडद्यावर घडवली. हिरवा पडदा रुळला तो मुख्यतः डिजिटल कॅमेऱ्यांमुळे, कारण बहुतेक सेन्सरवर निम्मे बिंदू हिरवा प्रकाश टिपतात आणि त्या रंगाचं चित्र अधिक स्वच्छ येतं.

उपाय वेशभूषा ठरतानाच शोधावा लागतो. 'स्पायडर-मॅन'मध्ये (२००२) नायकाचा वेश लाल-निळा होता, म्हणून त्याचं चित्रण हिरव्या पडद्यापुढे केलं. हिरव्या वेशातल्या ग्रीन गॉब्लिनला निळा पडदा दिला.

मग नवरीलाही निळा पडदा द्यावा? शालूपुरतं ते ठीक. पण पैठणी असेल तर पदरावरचे निळे मोर पडदा गिळून टाकतो.

चित्रीकरण आधीच झालं असेल तर छटेचा आधार घ्यावा. बाटली हिरव्या शालूत हिरव्याचा बाकी दोन रंगांशी असलेला फरक पोपटी पडद्यापेक्षा बराच कमी असतो. मर्यादा नेमकी लावली तर शालू टिकतो, मात्र पडद्यावर सगळीकडे सारखा उजेड हवा. सावली पडलेला कोपरा शालूइतकाच गडद होतो आणि मागे तसाच राहून जातो. छटा जवळच्या असतील तर शरीराच्या कडेच्या किंचित आत मुखवटा आखून 'याच्या आतलं काही काढायचं नाही' असं सांगावं लागतं. टीव्हीसाठी सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर दहा सेकंदांच्या चित्रणात तो २५० चौकटींमधून नवरीबरोबर हलवत न्यावा लागतो. जिथे हिरवं कापड थेट हिरव्या पडद्याला भिडतं, तिथली कड हातानेच काढावी लागते. काचेच्या बांगड्यांचं काम सर्वांत किचकट, कारण त्यांच्या फटींतून आणि काचेतूनही पडदाच दिसतो.

एवढं करूनही एक धोका उरतो. केसांवर, गालांवर पडलेली पडद्याची हिरवट झाक घालवताना जादा हिरवा अंश सगळीकडूनच कापला जातो आणि जपलेला शालू राखाडी पडतो. शालूचा भाग त्या पायरीतूनही वगळावा लागतो.

'द मँडलोरियन' (२०१९) या मालिकेत पुष्कळ ठिकाणी पडद्याऐवजी एलईडी भिंतीवर थेट दृश्य दाखवलं गेलं. तिथे रंग काढायचाच नसतो, म्हणून कपडे कोणत्याही रंगाचे चालतात. ती भिंत लहान स्टुडिओला परवडत नाही. म्हणून नवरीला चुडा उतरवायला सांगण्याची वेळच येऊ देऊ नये. आदल्या दिवशी साडी, पोलकं आणि बांगड्या यांचा एकत्र फोटो मागवावा, हिरवं-निळं दोन्ही असेल तर साध्या भिंतीपुढे चित्रण करून कड हाताने कापायचं ठरवावं, आणि त्या कामाचे तास आधीच हिशेबात धरावेत.